गायीनं पेंड सोडली आणि फॅट वाढली: व्याल्यानंतरच्या किटोसिसचा शोध

दुधाला पाच-साडेपाच टक्के फॅट लागली म्हणून खुशीत पावती दाखवणाऱ्याला "गाय कधी व्याली?" असं विचारलं की तो हिरमुसतो. मी गावच्या दूध संस्थेत सहा वर्षं फॅट काढायला बसत होते. रोज साडेतीनच्या आसपास लागणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्याल्यावर पंधरा दिवसांनी एकदम पाचावर गेली, तर ती बरकत नसते. गाय स्वतःच्या अंगावरची चरबी दुधातून घालत असते, आणि पुढच्या चार दिवसांत निम्म्या वेळा तोच माणूस डॉक्टरांचा नंबर विचारायला येतो.

आमचं गाव महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या निपाणी भागातलं, वेदगंगेच्या काठावरचं. चहूकडं ऊस. घरी नऊ संकरित गायी आहेत. मी डॉक्टर नाही, पण हा एकच बिघाड, म्हणजे किटोसिस, आमच्या आणि शेजारच्या गोठ्यांत मिळून इतक्या वेळा बघितलाय की कुठून तपासायला सुरुवात करायची याचा क्रम आता पाठ झालाय. तो क्रम बऱ्याच चुका करून बसलाय. त्यातल्या दोन चुका खाली सांगितल्यात.

काय दिसतं

किटोसिस, मराठी पुस्तकांत ज्याला कितनबाधा म्हणतात, तो बहुतेक वेळा गाय व्याल्यापासून दीड महिन्याच्या आत येतो. जास्त करून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

पहिली खूण गव्हाणीत. गाय पेंड हुंगते आणि तोंड फिरवते. मग मुरघास सोडते, मग हिरवी वैरण. कडबा मात्र चघळत राहते. पलीकडच्या गल्लीतली अक्का "आकळ हिंडी तिन्नवल्दु" (गाय पेंड खाईना) असं कानडीत म्हणत आली, की मी पहिला प्रश्न "कडबा खाते का?" हाच विचारते. पेंड नको आणि कडबा चालतोय, ही जोडी दुसऱ्या आजारांत इतकी स्पष्ट दिसत नाही.

दूध हळूहळू उतरतं. वीस लीटरवाली चार दिवसांत चौदावर येते. शेण घट्ट, गोळ्यागोळ्यांचं, वर चकचकीत बुळबुळीत थर. आठवड्याभरात रया जाते, माकडहाडाजवळ खड्डे दिसू लागतात. डोळे मलूल, अंगावर हात फिरवला तरी फारशी दखल नाही. तोंडाला, दुधाला, मुताला एक गोडसर उग्र वास, नखाचा रंग पुसायच्या औषधासारखा. ताप नसतो.

संस्थेच्या पावतीवर फॅट वर आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) खाली. हे दोन्ही एकदम झालं तर नुसत्या फॅटपेक्षा जास्त गांभीर्यानं घ्यायचं.

थोड्या गायींत मेंदूची लक्षणं येतात. भिंत, दावं, स्वतःची कातडी चाटत सुटतात, लोखंड चावतात, हंबरतात, गोल फिरतात. त्यांच्याबद्दल पुढं वेगळं लिहिते, कारण तिथं घरी काहीच करायचं नाही.

आणि एक प्रकार असा की बाहेरून काहीच दिसत नाही. दूध दोन लीटर कमी, माजावर यायला उशीर, भरली तरी गाभ न राहता उलटते. असा छुपा किटोसिस उघड किटोसिसपेक्षा जास्त गोठ्यांत असतो, आणि मुतातले किटोन दाखवणाऱ्या पट्टीसारख्या तपासणीशिवाय तो सापडत नाही.

पोटात काय चाललेलं असतं

हे समजलं की पुढची तपासणी पाठ करावी लागत नाही. एक लीटर दूध करायला कासेला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. वीस लीटरची गाय म्हणजे रोज जवळजवळ दीड किलो. हे ग्लुकोज गायीला खाल्लेल्या साखरेतून जवळजवळ मिळतच नाही. पोटातले जिवाणू साखर, स्टार्च सगळं आंबवून टाकतात. त्या आंबवणीतून निघणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करतं.

आता गोची अशी की दूध व्याल्यावर पाच-सात आठवड्यांत शिखरावर जातं, आणि भूक पूर्ण खुलायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या दिवसांत घरात येणारं कमी आणि जाणारं जास्त. गाय अंगची चरबी वितळवून यकृताकडं पाठवते.

गुऱ्हाळ डोळ्यांपुढं आणा. रसाच्या घागरीवर घागरी येतायत, पण चुलवाणात घालायला चिपाडं उरली नाहीत. काहिलीतला रस धड गूळ होत नाही, धड काकवीही नाही. अर्धवट शिजून राहतो. यकृतात चरबी पूर्ण जळायला ऑक्झॅलोअॅसिटेट नावाचा पदार्थ लागतो, आणि तो तर आधीच ग्लुकोज करण्यात खर्ची पडलेला असतो. मग चरबीचं अर्धवट शिजलेलं जे निघतं ते किटोन: अॅसिटोअॅसिटेट, बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट आणि तो वासाचा अॅसिटोन. जी चरबी तेवढीही शिजत नाही ती यकृतातच साचते. किटोन वाढले की गाय आणखी मलूल होते, खाणं आणखी तुटतं, आणि चरबीच्या घागरी आणखी येतात. हे चक्र मधे कुठं तरी तोडणं म्हणजेच उपचार.

तपासणी: फुकटची आधी

*तारीख बघा.* गोठ्याच्या भिंतीवर खडूनं व्यायची तारीख लिहायची सवय नसेल तर आजपासून लावा. व्याल्यापासून पहिल्या तीन दिवसांत गाय लटपटली, कान गार पडले, मान पोटाकडं वळवून बसली, तर तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंड असतं. कॅल्शियमचा प्रश्न आहे, डॉक्टर तासाभरात हवेत. पाचव्या दिवसापासून दीड महिन्यापर्यंत पेंड सोडली, तर किटोसिसचा संशय पहिला. तीन महिने झालेल्या गायीनं पेंड सोडली तर मी आधी पेंडीचं पोतं उघडून वास घेते, बुरशी बघते. निम्म्या वेळा गाय शहाणी निघते.

*तीन टोपल्या ठेवा.* एकीत पेंड, दुसरीत हिरवं, तिसरीत कडबा. दहा मिनिटं लांब उभं राहायचं. सगळंच सोडलं असेल तर मामला निराळा आहे, पुढच्या तपासण्यांना वेळ न घालवता डॉक्टरांना फोन करायचा.

*वास घ्या.* सकाळी धार काढायच्या आधी, गोठा धुवायच्या आधी, गायीच्या तोंडाजवळ. आमच्या घरात मला येतो, जाऊबाईंना अजिबात येत नाही. खूप माणसांना तो वास येतच नाही, म्हणून वास आला तर धरायचा, नाही आला तर सोडून द्यायचा.

*डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळगीवर) मूठ दाबून ठेवा.* मिनिटाला एक-दोनदा पोट मुठीला वर ढकलतं. दोन मिनिटांत एकदाही ढकललं नाही तर पोट थांबलंय. हे आत्ताच बघायचं कारण असं की थांबलेल्या पोटात औषध ओतून उपयोग कमी आणि धोका जास्त.

*शेपटी उचला, कास दाबा.* वार पूर्ण पडली होती का? घाण वासाचा, तांबूस पातळ स्राव येतोय का? चारही सडांतलं दूध काळ्या फरशीवर पिळून गाठी बघा. गायीनं खाणं सोडायला कुठलंही कारण पुरतं. गर्भाशय सडलं, कासदाह झाला, खूर दुखतोय, पोटात तार गेली, तरी ती खात नाही, आणि न खाल्ल्यामुळं तिला मागाहून किटोसिस होतो. पट्टी जांभळी होते, पण मूळ दुखणं दुसरंच असतं.

आता थोडे पैसे

*थर्मामीटर.* दीडशे-दोनशेत माणसांचाच मिळतो, तो चालतो. शेपटीखाली आत घालून आतल्या भिंतीला टेकवून धरायचा, शेणात रुतवला तर आकडा चुकतो. गायीला १०१ ते १०२.५ फॅरनहाईट म्हणजे ठीक. साध्या किटोसिसमध्ये ताप नसतो. १०३ च्या वर गेला तर गर्भाशय, कास, गोचीड ताप यांतलं काही तरी आहे.

हा थर्मामीटर मी पट्टीच्या आधी का ठेवलाय ते सांगते. चार वर्षांपूर्वी आमची तिसऱ्या वेताची गाय व्याल्यावर बाराव्या दिवशी पेंड सोडून बसली. पट्टी नवीनच आणली होती, तिचं मला भारी कौतुक. लावली, गडद जांभळी. चार दिवस मन लावून औषध पाजलं, पट्टी हलेना. पाचव्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी आधी शेपटी उचलली. वास गोठाभर पसरला. ताप १०३.६. आत वारीचा तुकडा सडत होता, आणि मी चार दिवस दुसऱ्याच आजाराशी लढत होते. गाय वाचली, पण ते वेत गेलं.

*त्या एका गायीचा नमुना संस्थेत न्या.* चार गायींचं दूध एका कॅनमध्ये गेलं की पावती काहीच सांगत नाही. नमुना घेण्यातही गंमत आहे. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी, शेवटच्या पिळणीत सर्वांत जास्त. वासराला शेवटचं सोडत असाल तर बादलीतली फॅट मुळातच कमी दिसेल. म्हणून पूर्ण धार काढायची, ढवळायची, मगच बाटली भरायची, आणि सकाळची तुलना सकाळच्याच पावतीशी करायची. यंत्र प्रोटीनही दाखवत असेल तर फॅटला प्रोटीननं भागा. उत्तर दीडच्या आसपास किंवा वर आलं तर संशय पक्का करायला पट्टी हवी. चिकाचे पहिले पाच दिवस हा हिशेब लावायचा नाही.

*मुताची पट्टी.* माणसांच्या मेडिकलमध्ये मधुमेहाच्या रुग्णांसाठी किटोनच्या पट्ट्या मिळतात, त्याच. योनीच्या खालच्या कातडीवर हळू हळू हात फिरवला की बहुतेक गायी मिनिटभरात मुततात. सुरुवातीची धार सोडून मधली स्टीलच्या वाटीत धरायची, पट्टी बुडवून काढायची आणि डबीवर लिहिलेत तेवढेच सेकंद मोजायचे. बहुतेक डब्यांवर पंधरा लिहिलेले असतात. पाच मिनिटांनी बघितलं तर निरोगी गायीची पट्टीही रंग दाखवते. फिकट गुलाबी म्हणजे ताज्या व्यालेल्या गायीत थोडंफार चालायचंच. खाणं आणि दूध ठीक असेल तर दोन दिवसांनी पुन्हा बघा. गडद जांभळा म्हणजे किटोसिस, मग तो पहिला असो वा दुसऱ्या आजारामागून आलेला.

डॉक्टरांकडं रोथेराची पूड असते. तिच्यावर दूध किंवा मूत टाकलं की जांभळा रंग येतो. तत्त्व तेच, दोन्ही अॅसिटोअॅसिटेट पकडतात. दुधात रंग आला तर खात्री जास्त, मुतात लवकर येतो.

*रक्ताचं मीटर.* काही मीटर साखरेबरोबर बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेटही मोजतात. पट्टी वेगळी आणि महाग. १.२ मिलीमोलच्या वर छुपा किटोसिस, ३ च्या वर गेलं की बहुधा लक्षणं उघड दिसतातच. शेपटीतलं रक्त डॉक्टरांनाच घेऊ द्या. पाच-सात गायींच्या गोठ्याला हे मीटर विकत घ्यायची गरज मला कधी वाटली नाही.

घरी काय करता येतं

इतकं सगळं बघून झाल्यावर: व्याल्याला आठवडा ते दीड महिना, ताप नाही, कास आणि गर्भाशय स्वच्छ, पोट हलतंय, गाय उभी आहे, थोडं खाते आणि पट्टी जांभळी. एवढं सगळं जुळलं तरच पुढचं घरी करायचं. पहिल्यांदा करत असाल तर डॉक्टरांना फोनवर सांगून.

प्रोपिलीन ग्लायकॉल, दिवसातून एकदा ३०० मिली, तीन ते पाच दिवस. हे यकृतापर्यंत पोचतं आणि तिथं थेट ग्लुकोज बनतं, म्हणजे चुलवाणात चिपाडं पडल्यासारखं. 'एनर्जी टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत ते किती आहे हे लेबल वाचूनच घ्या. काहींत नावापुरतं असतं आणि बाकी गोड पाणी. लेबल कानडी आणि इंग्रजीत असतं, वाचता येत नसेल तर औषधवाल्याकडून वाचून घ्यायला लाजू नका. आणि एक फार महत्त्वाचं: गाडीच्या रेडिएटरच्या कूलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल, ते विष आहे. नावं जवळची आहेत. 'ग्लायकॉलच आहे ना' म्हणून कुणी सुचवलं तर त्याला गोठ्यात येऊ देऊ नका. जास्त पाजलं तर प्रोपिलीन ग्लायकॉलनंही गाय झिंगल्यासारखी डुलते, त्यामुळं 'लवकर बरी होईल' म्हणून दुप्पट नको.

पाजताना मान खांद्याच्या रेषेपेक्षा फार वर ओढायची नाही, जीभ धरायची नाही. तोंडाच्या कडेनं थोडं थोडं, ती गिळेल तसं. खोकली तर लगेच थांबा आणि मान खाली सोडा. औषध फुप्फुसात गेलं तर किटोसिस परवडला म्हणायची वेळ येते.

याबरोबर तिला आवडेल ते समोर ठेवा. पेंड एकदम बंद नको, पण एकावेळी अर्धा किलो, दिवसातून चार-पाच वेळा. बरा कडबा, कोवळा हिरवा मका, भरपूर पाणी. दोन दिवसांत शेण मऊ व्हायला लागलं आणि पेंडीला तोंड लावलं, की समजायचं वळलं.

गुळाचं काय?

हा प्रश्न येणारच, आमच्या गुळाच्या मुलखात तर नक्कीच. व्यालेल्या गायीला बाजरीच्या घाट्यात मूठभर गूळ घालणं वेगळं. सासूबाईंनी एकदा डॉक्टर यायच्या आधी "अंगात साखर कमी झालीय म्हणतात ना, मग साखरच द्या" म्हणून दोन किलो गूळ पाण्यात कालवून पाजला. तर्क चुकीचा नव्हता. पण गायीचं पोट आपल्यासारखं नाही. तो गूळ रक्तात जायच्या आधीच जिवाणूंनी आंबवला, पोटात आम्ल झालं, दुसऱ्या दिवशी शेण पाण्यासारखं आणि पोट ठप्प. शिवाय साखर आंबली की ब्युटिरिक आम्लही बरंच निघतं, आणि त्याचा मोठा भाग पोटाच्या अस्तरातच बीटा हायड्रॉक्सी ब्युटिरेट होतो. म्हणजे किटोनमध्ये आणखी भर. मळीचंही तेच. सासूबाई त्यानंतर गूळ माणसांसाठीच ठेवतात.

ज्या मुरघासाला ओकारीसारखा घाण वास येतो, त्यातही ब्युटिरिक आम्लच असतं. तो व्यालेल्या गायीला घालू नका. टाकवत नसेल तर भाकड जनावरांना थोडा थोडा.

सलाईनच्या बाटलीबद्दलही दोन शब्द. शिरेतून दिलेलं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, लगेच काम करतं आणि गाय तासाभरात कान टवकारते. पण ते काही तासांतच वापरलं जातं, म्हणून डॉक्टर बाटलीबरोबर पाजायचं औषधही लिहून देतात. बाटलीनं तरतरी आली की आम्ही ते पाजायचं विसरतो, तिसऱ्या दिवशी गाय पुन्हा खाली मान घालून उभी, आणि दोष डॉक्टरांना. बाटली आपण घरी लावायची नाही. कॅल्शियमची तर अजिबात नाही, वेगानं गेली तर हृदय बंद पडतं.

कुठं थांबायचं

या यादीतलं एक जरी दिसलं तरी वरचं काही न करता डॉक्टर:

गाय बसली आणि उठत नाही. ताप १०३ च्या वर, किंवा अंग थंड. कडबाही सोडला, पोट हलत नाही. शेण काळं डांबरासारखं किंवा रक्ताचं. डोळ्यांचा पांढरा भाग, योनीच्या आतली कातडी पिवळी. अशा वेळी यकृत चरबीनं भरलेलं असू शकतं. श्वास जोरात. घरचं औषध दोन दिवस देऊनही खाण्यात फरक नाही.

बरी होऊन पुन्हा पडली, तर तेही डॉक्टरांचंच काम. व्याल्यावर महिन्याभरात किटोसिस दुसऱ्यांदा उलटला की मला चौथं पोट सरकल्याची शंका येते. ते डाव्या बाजूला वर चढून हवेनं फुगतं. डॉक्टर बरगड्यांवर टिचकी मारून नळीनं ऐकतात तेव्हा रिकाम्या पिंपासारखा 'टण्ण' आवाज येतो. ते जागेवर बसवायला ऑपरेशन किंवा गाय उलथवण्याची पद्धत आहे. कितीही ग्लायकॉल पाजलं तरी ते जागेवर येणार नाही.

आणि मेंदूची लक्षणं. चाटणं, चावणं, हंबरणं, लाळ गळणं हे किटोसिसचं असू शकतं, तसंच पिसाळण्याचंही. बाहेरून फरक आपल्याला कळत नाही. म्हणून तोंडात हात घालायचा नाही, औषध पाजायचं नाही, कच्चं दूध कुणी प्यायचं नाही, मुलांना गोठ्याबाहेर. गायीला कुत्रं चावल्याचा संशय असेल आणि तिची लाळ हाताला लागली असेल, तर साबणानं पंधरा मिनिटं धुवून तडक माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा.

म्हैसवाल्यांसाठी एवढंच: म्हशीला किटोसिस कमी होतो, पण व्याल्यावर लघवी तांबडी-काळी झाली तर ते फॉस्फरसचं दुखणं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. आमच्यासारख्या हद्दीवरच्या गावात मोबाईल कधी अलीकडचा टॉवर पकडतो कधी पलीकडचा, म्हणून फोन लागला की आधी राज्य, जिल्हा, तालुका सांगा, मग गायीचं. डॉक्टर कानडी बोलणारे असतील तर काळजी करू नका. तारीख, ताप, दूध किती होतं आणि किती झालं, पट्टीचा रंग, एवढे चार आकडे कागदावर लिहून ठेवले तर भाषा आडवी येत नाही.

दरवर्षी त्याच गोठ्यात का?

खरं काम इथं आहे. आमच्याकडं कारण बहुतेक वेळा ठरलेलं. कारखाने सुरू झाले, तोडणी लागली, उसाचे वाढे स्वस्त किंवा फुकट. नोव्हेंबर ते मार्च गव्हाणीत वाढेच वाढे. पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढे खाऊन पोट गच्च झालेली गाय पेंडीला जागा कुठून देणार? मी व्यायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर दोन महिने वाढे एकूण हिरव्याच्या अर्ध्याच्या आत ठेवते, बाकी मका किंवा नेपियर, आणि वाळली वैरण रोज. कोवळ्या नेपियरमध्ये शंभर किलोत ऐंशीच्या आसपास पाणीच असतं, तेव्हा फक्त त्यावरही भागत नाही.

दुसरं कारण जाड गाय. भरली नाही, उलटली, मग आठ महिने दूध देऊन तीन-चार महिने भाकड राहिली आणि त्या काळात पेंड चालूच. व्याली तेव्हा पाठीवर चरबीचा गादीसारखा थर. अंगावरच्या चरबीच्या एक ते पाचाच्या मापात ती तीन ते साडेतीन असावी, म्हणजे शेवटच्या बरगड्या हात दाबल्यावर लागाव्यात, डोळ्यांना उठून दिसू नयेत. चारच्या वर गेलेली गाय व्याल्यावर कमी खाते आणि चरबी मात्र धबाधबा सोडते. पण गाभणपणी उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, तेव्हाच चरबी वितळून यकृतात बसते. दूध आटवायच्या आधीच सांभाळायचं, आटवणं साधारण साठ दिवसांचं.

तिसरं, व्याल्याच्या दुसऱ्याच दिवशी पेंडीचा डोंगर. व्यायच्या तीन आठवडे आधी एक किलोनं सुरू करून दोन-अडीचपर्यंत नेली असेल, तर पोटातले जिवाणू तयार असतात. नंतर दर एक-दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवत न्यायची. शेवटी हिशेब तोच जुना, जगण्यापुरती दीड-दोन किलो आणि वर दर अडीच लीटरला एक किलो, पण तिथं पोचायला दोन-तीन आठवडे द्यायचे. खनिज मिश्रण चुकवू नका. त्यातल्या कोबाल्टपासून पोटातले जिवाणू बी-१२ बनवतात, आणि प्रोपिऑनिक आम्लाचं ग्लुकोज करायला यकृताला बी-१२ लागतंच.

मागच्या वेताला किटोसिस झालेली, जुळं व्यालेली किंवा जाड असलेली गाय आली, की मी डॉक्टरांना विचारून व्याल्यापासूनच थोडे दिवस ग्लायकॉल पाजते. बाकीच्यांची फक्त पट्टी: सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहायची. आमच्या पावसात उघडी राहिलेली डबी दोन महिन्यांत तपकिरी पडली होती, आणि त्या पट्ट्यांवर मी एका धडधाकट गायीला दोन दिवस ग्लायकॉल पाजलं होतं.

सध्या भिंतीवर खडूनं दोन तारखा लिहिल्यात. मोठीचा चौदावा दिवस परवा आहे. तिची फॅट काल चार पॉइंट दोन लागली, पेंड अजून चाटून पुसून खाते.